टाकीमागच्या दोघी

दोघींच्याही तोंडात काहीतरी होतं, म्हणून दोघींपैकी कुणालाच ओरडता आलं नाही.

माझ्या तोंडात ब्रश होता आणि फेस हनुवटीपर्यंत ओघळला होता. हौसामावशीच्या तोंडात तिचं स्वतःचंच बोट होतं आणि ओठांच्या कडेला काळं काहीतरी लागलं होतं. आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला पाण्याची सिमेंटची टाकी आहे. तिच्यात आणि कंपाउंडच्या भिंतीत जेमतेम दोन माणसं मावतील एवढी सापट. ही जागा जगात फक्त मलाच ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. मावशीलाही तसंच वाटत असणार.

मी फेस थुंकले. ती काळं थुंकली.

"तू हितं काय करतीस गं?"

"दात घासते. तुम्ही?"

तिनं आपल्या बोटाकडं बघितलं. मग म्हणाली, "मीबी."

आता मी अकरावीत आहे. तारा निघून वर्ष झालं, आणि मला गप्प बसवणं हे आमच्या वर्गातलं सगळ्यात अवघड काम आहे असं आमचे सर म्हणतात. पण ही गोष्ट आठवीतली आहे आणि आठवीतली मी म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. माझे वरचे चार दात इतके पुढे होते की ओठ मिटायचेच नाहीत. वर्गात मला 'खवणी' म्हणायचे. नारळ खवायची खवणी. मी बोलायचे ते तोंडावर हात ठेवून, हसायचे ते खाली बघून, आणि उत्तर येत असलं तरी बहुतेक वेळा बोलायचेच नाही. सातवीच्या उन्हाळ्यात आईनं मला तारा बसवल्या. बाबा सैन्यात, तेव्हा आसामला होते. त्यांना फोनवर दात दाखवले तर म्हणाले, सीमेवर एवढी पक्की तार नाही. मी त्या दिवशी आरशापुढं तासभर उभी होते. मला त्या तारा दागिन्यापेक्षा जास्त आवडल्या होत्या. खरंच.

आणि आता त्या जायची वेळ आली होती.

तारांच्या डॉक्टर म्हणजे शिरगुप्पे मॅडम. त्या मिरजेहून तासगावात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यायच्या. जुलैच्या फेरीत त्यांनी मला एक लाल गोळी चघळायला दिली आणि चूळ भरायला लावली. जिथं घाण राहिली असेल तिथं लाल रंग चिकटून राहतो. माझं तोंड जास्वंदीसारखं झालं. हिरड्या सुजलेल्या, तारेच्या ठोकळ्यांभोवती दातांवर पांढुरके डाग पडायला लागलेले. मॅडम ओरडल्या नाहीत. हातमोजे काढत आईला म्हणाल्या, "दात सरळ होतील आणि किडतील, असं काम मी करत नाही. ऑक्टोबरपर्यंत बघते. तेव्हाही असंच निघालं तर तारा काढून ठेवीन."

सकाळ-रात्र तर मी घासतच होते. घोटाळा शाळेचा होता. डबा दीडला, घरी पोचायला सहा. तोवर भाकरीचा चोथा, मेथीची पानं आणि बेदाणे तारांमध्ये मुक्कामाला. आमच्या गावात ज्याच्यात्याच्या खिशात बेदाणे असतात, आणि बेदाणा तारेत असा बसतो की जणू डॉक्टरांनीच बसवलाय. म्हणून मी एकदा हिंमत करून डब्यानंतर नळावर ब्रश काढला. आमच्या शाळेत एका ओळीत बारा नळ आहेत आणि जेवणानंतर तिथं यात्रा भरते. कुणीतरी म्हणालं, बघा रे, खवणी धुवायला काढली. बारा नळांवरचे सगळे हसले. मी ब्रश खिशात घातला, आणि दुसऱ्या दिवशी टाकीमागची जागा शोधून काढली.

तिथं हौसामावशी.

मावशी आमच्या शाळेतली शिपाई. घंटा तिची, पाणी तिचं, शिक्षकांचा चहा तिचा. ती मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं दातांना लावत बसायचं. आमच्याकडच्या कितीतरी बायका लावतात. पण आमच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' असा फलक आहे आणि दर सोमवारी तो ओल्या फडक्यानं पुसायचं काम मावशीचंच होतं. मिश्री लावताना सापडली तर नोकरी जाईल, हे तिनं मला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. मी तिला माझं ऑक्टोबरचं सांगितलं. तिनं विचार केला. मग आमचं ठरलं, मी तिला बघितलं नाही आणि तिनं मला बघितलं नाही.

पण न बघणं काही तिला जमेना. दुसऱ्याच दिवशी ती वाकून माझं घासणं बघायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही.

"असं कसं गं? मधीच घासतीस, कडंला जातीस, पुन्यांदा मधी. तुज्या तोंडात द्राक्षाचा मांडव हाय. मांडव कसा झाडत्यात ठावं हाय का?"

शाळेत लागायच्या आधी मावशी वीस वर्षं द्राक्षाच्या बागेत कामाला होती. एका टोकापासून सुरुवात करायची, असं तिनं मला शिकवलं. आधी तारेच्या वरनं पूर्ण ओळ, मग तारेच्या खालनं पूर्ण ओळ, आणि शेवटी पोटातनं, म्हणजे आतल्या बाजूनं. एकही वेल सोडून पुढं जायचं नाही, कारण सुटलेल्या वेलीवरच भुरीचा रोग पडतो. आणि गंमत म्हणजे शिरगुप्पे मॅडमनीही मला अगदी हेच सांगितलं होतं, फक्त त्यांनी छापील कागदावर बाणांनी दाखवलं होतं. कागद माझ्या डोक्यात शिरला नव्हता. मांडव शिरला.

माझी हत्यारं बघून तिला फार मौज वाटायची. तारेखाली घालायचा इवलासा ब्रश बघून ती म्हणाली, मुंगीच्या पोराची बाटली धुवायला आणलाय का. दोऱ्याचं मात्र मला काही केल्या जमत नव्हतं. दातांच्या फटीतला कचरा काढायला दोरा असतो. पण तारा असल्या की तो वरनं घालता येत नाही. प्लास्टिकच्या मऊ सुईत ओवून आधी तारेच्या आडनं घ्यावा लागतो आणि मग दोन दातांच्या मधे उतरवायचा. मला मागच्या दाढा दिसायच्या नाहीत, सुई हिरडीत टोचायची, आणि मी वैतागून सोडून द्यायचे. मावशी घरी वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे सहा-सहा थर सुईनं टाचणाऱ्या बाईला माझ्या तोंडातलं शिवण म्हणजे काहीच नव्हतं.

"आण इकडं. आ कर."

तिनं बोट पुढं आणलं आणि मी तोंड मिटलं. मिश्रीचा भपका आला होता. मी म्हणाले, तुमच्या बोटाला वास येतो. मला वाईट काही म्हणायचं नव्हतं, पण तेरा वर्षांची असताना माणूस बोलून बसतं. मावशीनं बोट नाकाशी धरलं आणि टाकीच्या तोटीवर हात धुतले. मातीनं घासून, दोनदा. मग म्हणाली, आता बग.

तेव्हापासनं क्रम ठरला. ती हात धुवून यायची, बरोबर चहाच्या किटलीत कोमट पाणी आणायची. मी मांडव झाडायचे. मागच्या दाढांचा दोरा ती घालायची. मी चूळ भरायचे आणि ती माझी हनुवटी धरून उन्हाच्या बाजूला वळवून तपासायची. कधी म्हणायची, मेथीची काडी राहिली, तर कधी म्हणायची, झ्याक. मग मी पळायचे वर्गात आणि माझ्यामागं ती तिची मिश्री लावायची. तिची डबी कनवटीला असायची, मला लुगड्यातनं तिचा गोल उठाव दिसायचा.

ऑगस्ट गेला, गणपती आले, गेले. मधल्या दोन फेऱ्यांना मॅडमनी नुसती तार आवळली, लाल गोळी ऑक्टोबरसाठी ठेवली. माझ्या हिरड्यांची सूज उतरली. सकाळी घासताना रक्त येईना. मी आईला रोज रात्री तोंड दाखवायचे आणि आई म्हणायची, अगं, शाळेत एवढं कधी घासतेस तू. मी सांगायचे, नळावर.

गणपतीनंतर मावशी मात्र जरा बिनसल्यासारखी झाली. उगाच खेकसायची. एकदा दोरा ओवताना तिचा हात थरथरला आणि सुई पडली, तर माझ्यावरच वैतागली, जरा नीट हुबी ऱ्हा की म्हणून. सारखी बडीशेप चघळायची. डोकं दुखतंय म्हणायची. मला वाटलं, कंटाळली ही. रोज रोज दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडात हात घालायचा कुणाला कंटाळा येणार नाही. मी तिला म्हणालेही की मी आता एकटी करीन. ती म्हणाली, मागली ओळ तुला दिसती का? नाही. मग गप.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारच्या अलीकडचा गुरुवार. माझ्या मागच्या दाढेची तार सरकली आणि तिचं टोक गालात आतून घुसायला लागलं. टोकावर लावायचं मेण घरी संपलेलं. शुक्रवारी डब्यापर्यंत गालाला आत चीर पडली होती. मी एक घास खाल्ला आणि डबा बंद केला. टाकीमागं ब्रश लावला तर डोळ्यांतनं पाणीच. मी म्हणाले, आज नको. मावशी म्हणाली, परवा रविवार आन आज ओळ सोडायची? मी पुन्हा घासायला घेतलं. पुन्हा ब्रश त्या चिरेला लागला आणि मी भिंतीला टेकून रडायलाच लागले. नुसतं गाल दुखत होता म्हणून नाही. तीन महिने मरमर केली आणि दोन दिवस राहिले असताना सगळं पाण्यात जातंय, असं वाटत होतं.

मावशी माझ्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं कनवटीची डबी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, तिला ते दातानं उचकटावं लागलं.

"आमची दाढ दुकली की आमी हीच लावतो. बधीर हुतंय. चिमूटभर लावती, मग घासून घे."

मी आ केलं. खरं सांगते, तिनं त्या वेळी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी मारली असती. तिनं धुतलेल्या बोटानं चिमूटभर काळी पूड माझ्या गालाच्या आत दाबली.

बधीर झालं. मी सगळ्या ओळी झाडल्या, चूळ भरली आणि वर्गात गेले. हिंदीचा तास होता. फळा आधी हळू आणि मग जोरात फिरायला लागला. मला घाम फुटला, तोंडात पाणी सुटलं, आणि मी बाकावरनं उठायच्या आत तिथंच ओकले.

मोठ्या बाई धावत आल्या. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी माझं तोंड पुसायला हनुवटी वर केली आणि त्यांचा चेहराच बदलला. वास लपण्यासारखा नव्हताच.

"तंबाखू खाल्लीस?"

दारात मावशी बादली आणि फरशी पुसायचं फडकं घेऊन उभी होती. तिला पुसायला बोलावलं होतं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"मिश्री लावली," मी म्हणाले. "बसस्टँडवर डबी सापडली होती. मीच लावली."

मावशीच्या हातातली बादली तेवढी जमिनीला टेकल्याचा आवाज आला. ती नुसती वाकली आणि पुसायला लागली.

आता तिनं तरी काय बोलावं, हे मला कळत होतं. नोकरी तिची होती. आणि मीच तर तिला वाचवत होते. पण तिनं एकदा तरी मान वर करावी असं फार वाटलं. तिनं फरशी दोनदा पुसली, फिनेल टाकलं आणि बादली घेऊन निघून गेली.

आई तहसील कचेरीतनं अर्ध्या दिवसाची रजा टाकून मला न्यायला आली. घरी आल्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाणी प्यायली आणि म्हणाली, "परवा डॉक्टरांना मीच सांगणार. तारा काढा म्हणणार. ज्या तोंडात तंबाखू जाते त्या तोंडासाठी मी धावपळ करत नाही, संयू." मी सांगितलं, एकदाच लावली, गाल दुखत होता म्हणून. आई म्हणाली, बसस्टँडवर सापडलेली? खरं सांगितलं असतं तर तारा कदाचित वाचल्या असत्या, आणि मावशी फाटकाबाहेर. मी दोन्हीकडनं विचार केला आणि दोन्हीकडनं गप्पच राहिले. शनिवारी आईनं मला शाळेत पाठवलं नाही. मी मात्र त्या दिवशीही तीनदा घासले, मिठाच्या पाण्यानं चुळा भरून, जमेल तसे, ओळीनं. का, ते मलाही माहीत नव्हतं.

रविवारी आमचा नंबर पहिला होता. मी खुर्चीत पडले. मॅडमनी आरसा हातात घेतला आणि आईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तंबाखू, उलटी, मोठ्या बाईंचा फोन. मॅडमचा आरसा माझ्या तोंडापाशी येऊन थांबला.

"खरं आहे का हे?"

मी हो म्हणून मान हलवली.

त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. "संयोगिता, दोन वर्षं ही गोष्ट आपण दोघींनी मिळून करायची होती. डाग घालवता येतात. पण मागं लागून कुणाची तंबाखू मी सोडवू शकत नाही."

आणि तेवढ्यात दार ढकलून हौसामावशी आत आली. नीट नेसलेलं चांगलं लुगडं, केस चापूनचोपून, पायांवर धूळ. तिच्या गावाहून, वासुंब्याहून ती चालत आली होती. बाहेरचा कंपाउंडर "मावशी, नंबर लावा" म्हणत मागनं आला, पण ती सरळ खुर्चीपाशी.

"पोरीच्या तारा काडू नगासा," ती म्हणाली. "ती डबी माजी हाय. मीच लावली तिच्या गालाला. माज्या हातानं."

आई तिच्याकडं बघत राहिली. शाळेच्या फाटकात हजारदा बघितलेली बाई इथं कशी, हे तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, "माझ्या पोरीच्या तोंडात तंबाखू घातलीत तुम्ही?"

"घातली."

"आणि परवा वर्गात ती खोटं बोलत होती तेव्हा ऐकत उभ्या राहिलात?"

"हुबी ऱ्हायले." मावशीनं पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "भ्याले बाई मी. रातभर भ्यालेलीच हुते. काल शाळंत मोट्या बाईंना सांगितलं समदं. पोरीच्या आईला मीच सांगते म्हनलं. त्यांनी लिवून घेतलंया. पुन्यांदा डबी दिसली तर घरी बसायचं."

मॅडमनी तिला स्टुलावर बसायला सांगितलं. ती बसली नाही. मॅडमनी विचारलं, शाळेत रोज लावता का.

"लावत हुते. गणपती गेल्यापासनं बंद हाय."

मी खुर्चीतनं उठूनच बसले. "बंद? मग मी वर्गात गेल्यावर तुम्ही काय करायचात तिथं?"

"काय करनार? किटली धुयाची आन घंटेला जायाचं."

"आणि डबी?"

"डबी काय सोडवंना. कनवटीला आसली की धीर येतो. उगडत न्हवते." ती मॅडमकडं वळली, जणू हा हिशेब त्यांनाच द्यायचा होता. "पोरीला माज्या बोटाचा वास यायचा. धुतलं तरी जाईना, बाई. तिच्या तोंडात बोट घालायचं तर त्यो वास घिऊन कसं घालावं? म्हणून सोडली. परवा ती रडाय लागली, मला काय सुदरंना. दुसरं अवशीद मला ठावंच न्हाई."

मला तिची ती थरथर, ती बडीशेप, ते खेकसणं एकदम आठवलं आणि मी काय काय समजले होते तेही. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण मॅडमनी खण उघडून लाल गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"चघळ."

मी चघळली. ती गोडसर असते, पण त्या दिवशी मला चव लागली नाही. चूळ भरली. पडले. दिवा तोंडावर आला. मॅडम एका टोकापासून निघाल्या. वरची ओळ, खालची ओळ, पोट. आरसा कडेनं सरकत होता आणि मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते. आई एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला, दोघी वाकून. मावशी तर इतकी वाकली होती की मॅडमना तिला जरा बाजूला व्हा म्हणावं लागलं.

"इथं जखमेपाशी थोडं लाल आहे," मॅडम म्हणाल्या. "तिथं ब्रश पोचला नसणार, ते मी समजू शकते." आरसा पुढं गेला. "बाकी काही नाही."

त्या पुन्हा मागच्या दाढांवर गेल्या. चिमट्यानं गालातलं तारेचं टोक कापलं, तर मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं.

"ह्या मागच्या फटी मोठ्या माणसांनासुद्धा जमत नाहीत. ह्या कोण करायचं?"

मी मावशीकडं बोट दाखवलं. तोंडात आरसा होता.

"ओळ सोडायची न्हाई," मावशी हळूच म्हणाली. "मांडवागत."

मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. तारा राहतील, त्या आईला म्हणाल्या, आणि नवीन तार ओवायला घेतली. मग हात न थांबवता मावशीला म्हणाल्या, दुखलं तर मीठ-पाणी, मेण, आणि मला फोन. चिमूटभरसुद्धा दुसरं काही नाही. मावशीनं न्हाई न्हाई, आता न्हाई म्हणून कानाच्या पाळ्या धरल्या.

माझं झालं. मी उतरले. मॅडमनी नवे हातमोजे घातले आणि खुर्चीकडं हात केला.

"या, तुमचंही बघू."

मावशी मागं सरली. "माजं काय बगनार? तुमाला भ्या वाटंल."

"बघू तरी."

ती माझ्याकडं वळली. एरवी शंभर पोरांना एका हाकेत ओळीत उभी करणारी बाई. मी म्हणाले, "मी आहे ना. आ करा." ती खुर्चीच्या कडेला टेकली, मग पडली, आणि तिनं माझं मनगट धरलं. वाकळा शिवून शिवून तिच्या बोटांना घट्टे पडले होते, ते मला टोचले. तोंड उघडायला तिनं फार वेळ घेतला. आधी ओठ, मग दात, मग पुन्हा मिटलं, आणि मग एकदम सगळं.

मॅडम बराच वेळ बघत होत्या. डाव्या गालात आतून पांढरट चट्टा होता, जिथं ती वर्षानुवर्षं मिश्री धरायची तिथं. मला तो दिसला. आईलाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या की हे असं बऱ्याच जणींना होतं, सोडली की बहुतेक वेळा पुसट होत जातं, पण लक्ष ठेवावं लागेल. गरज वाटली तर मिरजेला नेऊन तपासू. दर महिन्याला दाखवायचं, चुकवायचं नाही.

"दर म्हैन्याला?" मावशी उठून बसली. "मी एकटी?"

"संयोगिता येतेच की," आई म्हणाली. एवढ्या वेळात मावशीशी ती तिरसटल्याशिवाय बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. "तिच्याबरोबर या."

खाली उतरलो तर ऊन चढलं होतं. मावशी "येती बाई" म्हणून वासुंब्याच्या रस्त्याला लागलीसुद्धा. आईनं स्कूटी काढली, सुरू केली, आणि बंद केली. मग हाक मारली, "मावशी, बसा मागं. संयू, तू मधे. आणि पोलीस दिसला तर तुम्ही उतरायचं."

असं आम्ही तिघी. पुढं आई, मधे मी, मागं माझ्या कमरेला दोन्ही हातांनी गच्च धरून हौसामावशी, जी जन्मात पहिल्यांदा स्कूटीवर बसत होती आणि प्रत्येक गतिरोधकाला आई गं म्हणत होती. मला काय झालं कळेना. मी बोलतच सुटले. शाळेचं, बाबांचं, मोठ्या बाईंचा चेहरा कसा झाला होता त्याचं, सगळं मोठमोठ्यानं, वाऱ्यात, आणि हसत होते. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांतली माणसं वळून बघत होती.

मावशीनं मागनं माझ्या पाठीत कोपरानं ढोसलं.

"मीट की त्वांड. चिलटं जात्याली, पुन्यांदा घासाय लागंल."

मी काही मिटलं नाही.